भरलेला जाणारा आणि भरलेलाच परत येणारा डबा

मी मुलांच्या आहाराबाबत सल्ला देते. एक आई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या पिशवीत मुलाचा त्या दिवशीचा डबा होता. तिने तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, हे बघा. रोज असाच परत येतो." पाच कप्पे होते. एकात भाज्या घातलेला भात, एकात काबुली चणे, एकात गाजर-काकडीच्या चकत्या, एकात अख्खी द्राक्षे आणि मूठभर बदाम, शेवटच्यात चीजचे तुकडे. नाव ठेवायला जागा नव्हती. धान्य, प्रथिने, भाजी, फळ, दुधाचा पदार्थ, सगळे हजर. गेले होते ते जवळजवळ सगळे परतही आले होते. एका द्राक्षाला दात लागलेला दिसत होता, तेवढाच.

मुलगा ४ वर्षे ९ महिन्यांचा. तीन महिन्यांपूर्वी पूर्ण दिवसाच्या शाळेत जायला लागलेला. घरातून ७:३० ला निघायचा, जेवणाची सुट्टी १२:१५ ला, घरी परत ३:३० ला. आल्या आल्या दूध आणि बिस्किटे, मग खेळ, रात्रीच्या जेवणाला "भूक नाही", झोपताना पुन्हा दूध. पोट साफ होत नाही ही आजीची तक्रार, संध्याकाळी चिडचिड करतो ही वडिलांची. आईला एकच प्रश्न छळत होता: आणखी काय दिले म्हणजे हा खाईल? दर आठवड्याला ती डब्यात एक नवा पदार्थ घालत होती. डबा जितका सजत होता तितका जास्त परत येत होता.

आधी मोजले

असे प्रकरण आले की मी लगेच पाककृती सांगत नाही. दहा शाळेच्या दिवसांचा हिशोब मागते. इथेही तेच केले. सकाळी भरलेला डबा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा, परत आला की तसाच ठेवायचा, दोन्ही आकडे लिहायचे आणि कोणत्या कप्प्यातले किती गेले तेही लिहायचे. मुलासमोर काटा काढायचा नाही, ही अट.

दहा दिवसांत सरासरी ३४० ग्रॅम अन्न गेले आणि त्यातले ८५ ग्रॅमच्या आसपास खाल्ले गेले. दोन दिवस मात्र आकडा दुप्पट होता. त्या दोन दिवशी आईला उशीर झाला होता आणि तिने डब्यात केळे आणि लोणी लावलेल्या पावाचे चौकोन घातले होते. "त्या दिवशी मला इतकं अपराधी वाटलं होतं," असे ती म्हणाली. तिच्या मनातले सगळ्यात वाईट दोन डबे मुलाने सगळ्यात जास्त खाल्ले होते. हिशोब ठेवला नसता तर हे कधीच कळले नसते.

डब्याबाहेरचेही लिहून घेतले. दूध दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी २५० मिलिलिटर, म्हणजे ७५० मिलिलिटर. दर पेल्यात दोन चमचे साखर, दिवसाची सुमारे २४ ग्रॅम. शिवाय शाळेतून येताना २०० मिलिलिटरचा फळांच्या रसाचा डबा, त्यात आणखी साधारण २० ग्रॅम. या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण १२०० ते १४०० कॅलरी लागतात. ७५० मिलिलिटर दुधातून, साखर सोडून, साडेचारशेच्या वर कॅलरी जातात. म्हणजे दिवसाच्या भुकेचा तिसरा हिस्सा पेल्यातच भागत होता. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असली तर उत्तम. या मुलासाठी १० टक्के म्हणजे ३२-३३ ग्रॅम. तो ४४ वर होता, बिस्किटे अजून मोजलीच नव्हती.

दुधाला वाईट म्हणण्याचा हेतू नाही. पण दुधात लोह जवळजवळ नसतेच. या वयाला दिवसाला सुमारे १० मिलीग्रॅम लोह लागते आणि ७५० मिलिलिटर दुधातून अर्धा मिलीग्रॅमही मिळत नाही. दुधाने पोट भरले की लोह असलेले अन्न मागे पडते, आणि आतड्यातले लोहाचे शोषणही दुधातल्या कॅल्शियममुळे घटते. चेहरा फिका, चिडचिड, थकवा हे ऐकल्यावर मी त्यांना आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. हिमोग्लोबिन १०.६ निघाले. पाच वर्षांखालच्या या वयात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, इथे सौम्य. वजन १५.४ किलो होते आणि सहा महिन्यांपूर्वीचे १५.२. या वयात वर्षाला साधारण २ किलो वाढ अपेक्षित असते, त्या मानाने वाढ मंदावली होती. डॉक्टरांनी लोहाचे औषध सुरू केले. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण रक्तक्षय डब्याने बरा करायचा नसतो. तो औषधाने भरून काढायचा आणि पुन्हा होऊ नये म्हणून अन्न सुधारायचे.

सुट्टीतली वीस मिनिटे

शाळेने परवानगी दिली म्हणून मी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत वर्गाच्या कोपऱ्यात बसले. या प्रकरणातले सगळ्यात मोलाचे जे काही आहे ते तिथेच मिळाले.

१२:१५ ला घंटा झाली. हात धुवायला रांग. तो जागेवर बसला तेव्हा १२:२१ झाले होते. दप्तरातून डबा काढला. डब्याला चारही बाजूंनी कड्या होत्या, गळू नये म्हणून घट्ट बसणाऱ्या. पहिली कडी त्याने अंगठ्याने ढकलली, उघडली. दुसरी उघडली. तिसरी अडली. त्याने डबा छातीशी धरला, हनुवटीने दाबला, पुन्हा प्रयत्न केला. शेजारची मुलगी निम्मे जेवून झाली होती. त्याने इकडेतिकडे पाहिले, शिक्षिका दुसऱ्या टोकाला कुणाचे सांडलेले पुसत होत्या. १२:२५ ला त्याने डबा बाजूला ठेवला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. १२:२७ ला शिक्षिकांचे लक्ष गेले, त्यांनी झाकण उघडून दिले. आत भाताचा थंड, घट्ट गोळा झालेला. चमच्याने तो तुटेना. चणे एकेक करून उचलताना दोन खाली पडले. त्याने एक द्राक्ष तोंडात धरले आणि परत कप्प्यात ठेवले. १२:३५ ला घंटा.

जेवायला मिळालेला खरा वेळ आठ मिनिटांचा होता.

तरी तीन महिने तो घरी काही बोलला नव्हता. मी आईला विचारले, तो घरी आल्यावर तुम्ही काय म्हणता? "डबा का नाही संपवलास, एवढंच विचारते." आणि तो काय म्हणतो? "भूक नव्हती." पावणेपाच वर्षांच्या मुलाला "का" चे उत्तर देता येत नाही. त्याला जे सोपे वाटते ते तो सांगतो. त्याऐवजी मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले, रिकामा डबा पुढे ठेवला आणि म्हणाले, "मला हा उघडून दाखव ना." तिसऱ्या कडीशी तो थांबला आणि म्हणाला, "ही बाईच उघडतात." आईचे डोळे भरून आले. घरी डबा कायम तीच उघडत होती, त्यामुळे तो त्याला उघडत नाही हे तिला कळायला वावच नव्हता.

बदलले ते

पहिला बदल अन्नात केला नाही, डब्यात केला. एकाच कडीचा, रुंद तोंडाचा, दोन कप्प्यांचा डबा आणला. चार दिवस संध्याकाळचा खाऊ त्याच डब्यातून दिला, म्हणजे उघडणे-लावणे खेळता खेळता हातात बसले. मोठ्या माणसाच्या हाताला क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट मी आता प्रत्येक पालकाला करायला लावते. डबा, बाटली, चमचा, फळाची साल, पाकिटाचे तोंड: जे शाळेत त्याला एकट्याने उघडायचे आहे ते आधी घरी उघडून घ्या.

दुसरा बदल प्रमाणाचा. आईला हे सगळ्यात जड गेले. मी तिला ३४० ग्रॅमवरून १८० वर यायला सांगितले. "आधीच खात नाही, त्यात निम्मं करायचं?" आजी मध्ये पडल्या. मी म्हणाले, "आजी, तो आत्ता ८५ ग्रॅम खातो. १८० तलं १५० खाल्लं तर तुमचा नातू जवळजवळ दुप्पट जेवला." भरगच्च डबा उघडला की लहान मूल सुरुवात कुठून करायची इथेच अडते. आणि संपलेला डबा बंद करण्यात त्याला जो आनंद होतो तो निम्म्या डब्यातच शक्य असतो.

मांडणी अशी ठरली: एक पदार्थ असा की तो हमखास खातोच. एक पदार्थ प्रथिने आणि लोह देणारा. एक फळ किंवा भाजी. आणि कोपऱ्यात चमचाभर काहीतरी नवे, खाल्ले तर खाल्ले. बास. पाच कप्प्यांचा हट्ट सोडला. संतुलन दिवसाचे, खरे तर आठवड्याचे बघायचे असते. दुपारी भाजी राहिली तर रात्री ताटात येऊ शकते. डब्यात सगळे अन्नगट बसवण्याच्या नादात मुलाच्या पोटात एकही जात नव्हता.

नव्या पदार्थाबद्दल थोडे थांबते. दोन ते सहा वर्षांच्या दरम्यान अनोळखी अन्नाला नकार देणे हा वाढीचाच भाग आहे. एखादा पदार्थ मुलाने स्वीकारण्याआधी तो आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो, तोही दबावाशिवाय. बहुतेक घरांत तिसऱ्या वेळेनंतर "याला आवडत नाही" असा शिक्का बसतो. आणि शाळेतली गडबडीची वीस मिनिटे ही नवी चव पारखण्याची जागा नव्हे. नवा पदार्थ आधी घरी, सुट्टीच्या दिवशी, सगळे खात असताना द्यायचा. ओळख झाली की मग डब्यात. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेली जबाबदारीची वाटणी मी या आईला समजावून सांगितली: काय, कधी आणि कुठे द्यायचे ते मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती ते मुलाने. आईने ते कागदावर लिहून फ्रिजवर लावले, स्वतःसाठी.

दूध ७५० वरून ४०० मिलिलिटरवर आणले, दोन वेळा, जेवणानंतर, साखर हळूहळू कमी करत तीन आठवड्यांत बंद. सकाळी नुसत्या दुधावर जाण्याऐवजी छोटा नाश्ता. रसाचा डबा पहिल्याच दिवशी थांबवला आणि त्याजागी पाणी व अख्खे फळ आले. दोन दिवस त्याने दारात रडून गोंधळ घातला, तिसऱ्या दिवशी संत्रे सोलायला मागितले.

लोहासाठी मसूर, काबुली चणे, वाटाणा आणि अंडे यांवर भर दिला. १०० ग्रॅम शिजलेल्या मसुरात साधारण ३ मिलीग्रॅम लोह असते, अंड्यात एक मिलीग्रॅमच्या आत. वनस्पतीतले लोह शरीर कमी शोषते, पण सोबत क जीवनसत्त्व असले तर शोषण वाढते. म्हणून डाळीवर लिंबू पिळायचे आणि त्याच डब्यात संत्र्याच्या फोडी द्यायच्या. चीज किंवा दही असेल तर ते संध्याकाळच्या खाण्यात.

सुरक्षितता, जिच्याकडे कुणाचेच लक्ष नव्हते

सकाळी ७ ला शिजवलेला भात कोमट असताना डब्यात भरला जात होता आणि १२:३० ला खाल्ला जात होता. साडेपाच तास. शिजवलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. भातात एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही टिकतात आणि कोमट ओलाव्यात त्यांना रान मोकळे मिळते. म्हणजे कोमट डबा हा सगळ्यात वाईट पर्याय. एक तर खूप गरम जावा किंवा खूप थंड. गरम न्यायचे असेल तर उष्णता धरणाऱ्या भांड्यात आधी उकळते पाणी दहा मिनिटे ठेवायचे, ओतून टाकायचे आणि वाफाळते अन्न लगेच भरून झाकण लावायचे. थंड न्यायचे असेल तर फ्रिजमधून थेट, सोबत बर्फाची पिशवी किंवा गोठवलेली पाण्याची छोटी बाटली.

अख्खी द्राक्षे आणि अख्खे बदाम पाहून मला पहिल्याच दिवशी काळजी वाटली होती. गोल, गुळगुळीत किंवा कडक तुकडा लहान श्वासनलिकेत अडकू शकतो. द्राक्षे उभी चार भागांत चिरायची. पाच वर्षांखाली अख्खा सुकामेवा नाही, हवा तर बारीक पूड किंवा लगदा, तोही शाळेत कुणाला अ‍ॅलर्जी नाही ना हे विचारून. कच्च्या गाजराच्या जाड चकत्यांऐवजी वाफवलेल्या मऊ काड्या. वर्गात वीस मुले बोलत-हसत खातात आणि एकच मोठे माणूस लक्ष ठेवते, हे धरून डबा भरायचा.

माझे चुकले ते

गरम डाळ-भातासाठी मी सुचवलेले भांडे खोल आणि अरुंद होते. अन्न गरम राहिले, पण छोट्या हातातला छोटा चमचा तळापर्यंत पोचेना. चार दिवस वरचे तीन-चार घासच गेले. माझ्या डोळ्यांसमोर भात होता, मुलाचा हात नव्हता. रुंद तोंडाचे उथळ भांडे आणल्यावर दुसऱ्याच दिवशी तळ दिसला.

दुसरी चूक उकडलेल्या अंड्याची. घरी तो ते आवडीने खायचा. शाळेत झाकण उघडल्यावर वासावरून दोन मुलांनी नाक दाबले आणि त्याने डबा बंद करून टाकला. नंतर तीन आठवडे घरीही अंडे नको म्हणाला. लहान मुलाला पंगतीत वेगळे पडणे किती लागते, हे मी धरायला हवे होते. अंडे नाश्त्याला हलवले, तेही पावाच्या आत घालून.

दहा आठवडे

दुसऱ्या आठवड्यात १८० पैकी १२० ग्रॅम जात होते. चौथ्यात १५०. एक आठवडा सर्दीचा, त्यात पुन्हा ७० वर आले आणि आईचा फोन आला, "सगळं मुसळ केरात." आजारात भूक जातेच, ती चार-पाच दिवसांत परतते, असे सांगितले आणि तसेच झाले. सहाव्या आठवड्यात आईने आपणहून प्रमाण २२० केले, कारण तो रिकामा डबा दाखवून "अजून हवं होतं" म्हणाला होता. ते वाक्य आले तेव्हाच प्रमाण वाढवायचे, त्याआधी नाही, असे आमचे ठरलेले होते.

पोट साफ होण्याची तक्रार पाचव्या आठवड्यानंतर राहिली नाही. दूध कमी, पाणी जास्त, आणि फळ, डाळ, वाटाण्यातून तंतू (फायबर). दोन ते पाच वर्षांच्या वयात दिवसाला किमान १५ ग्रॅम तंतू आणि २५० ग्रॅम फळे-भाज्या असाव्यात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो अजून तिथे रोज पोचत नाही. भाजी हा त्याचा कच्चा दुवा आहे आणि काही महिने राहील. आत्ता वाफवलेले गाजर, वाटाणे आणि काकडी एवढ्या तीनच गोष्टी तो न कुरकुरता खातो.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा रक्त तपासले. हिमोग्लोबिन ११.७. तोवर त्याला पाच पूर्ण झाली होती आणि त्या वयाची मर्यादा ११.५ आहे, तीही पार. याचे श्रेय मुख्यतः औषधाला. डब्याचे काम आता पुढे सुरू होते, लोहाचा साठा टिकवण्याचे. वजन १६.१ किलो.

घरात सगळ्यात मोठा बदल दारातल्या प्रश्नात झाला. "डबा संपवलास का?" हे बंद. त्याजागी आई विचारते, "आज कुणाशेजारी बसलास?" पहिल्या आठवड्यात तिला जीभ चावावी लागायची. पण याच प्रश्नातून तिला कळले की मागच्या बाकावरची मैत्रीण भोपळी मिरची आणते, कच्ची, लाल रंगाची, आणि त्याने एक तुकडा चाखला, "करकर वाजते."

शेवटच्या भेटीत आई डबा घेऊन आली नव्हती. मुलगाच आला होता, दप्तर पाठीवर. त्याने डबा काढला, अंगठ्याने कडी उघडली आणि मला आतला कोपरा दाखवला. लाल मिरचीचा एक तुकडा, अर्धा खाल्लेला. "उरलेला उद्या," तो म्हणाला. आईने काहीच म्हटले नाही, फक्त झाकण लावायला त्याच्याकडे परत दिले.